वक्री पत्ते

टॅरो शिकायला घेतलेला माणूस पहिल्याच आठवड्यात एका प्रश्नाशी अडतो. पत्ता उलटा म्हणजे नेमका कोणाच्या बाजूनं उलटा? बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावला घरच्या सतरंजीवर दोघं समोरासमोर मांडी घालून बसले की पाहणाऱ्याला सरळ दिसणारा पत्ता विचारणाऱ्याला उलटाच दिसतो. रूढ संकेत असा, की पाहणाऱ्याची बाजू धरायची. काही जण विचारणाऱ्याला शेजारी बसवतात, म्हणजे वादच उरत नाही.

दुसरा घोटाळा हाताचा. पत्ता पुस्तकाचं पान उलटावं तसा आडव्या बाजूनं उघडायचा असतो. खालची कड धरून वर उघडला, तर गठ्ठ्यात सरळ असलेला पत्ता जमिनीवर उलटा येतो आणि उलटा असलेला सरळ. नवशिक्या कधी असा उघडतो, कधी तसा, आणि मग संध्याकाळभर पुस्तकात ‘रिव्हर्स्ड’ची पानं चाळत बसतो. अर्थ पाठ करण्याआधी मनगटाला ही सवय लावावी, असं प्रस्तुत लेखक प्रत्येक शिकणाऱ्याला सांगतो. बहुतेकांना ते फारच किरकोळ वाटतं.

उलट्या पत्त्याला वेगळा अर्थ द्यायची पद्धत वाटते तेवढी प्राचीन नाही. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकातल्या इटलीत खेळण्यासाठी निघाले. त्या खेळात पत्ता उलटा आला काय, सुलटा आला काय, डाव तोच. भविष्याची भर पडली ती अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. झाँ-बाप्तिस्त आलिएत नावाच्या पॅरिसच्या गृहस्थानं आपलं आडनाव उलटं लिहून ‘एतेइया’ हे टोपणनाव घेतलं आणि १७७० साली साध्या खेळाच्या पत्त्यांवरून भविष्य पाहण्याचं पुस्तक काढलं. त्यात सरळ आणि उलट असे दोन अर्थ होते. पुढं त्यानं खास भविष्यासाठी टॅरोचा संच छापला, तेव्हा पत्त्याच्या वरच्या कडेला सरळ अर्थाचा शब्द आणि खालच्या कडेला उलट अर्थाचा शब्द छापून टाकला. आडनाव उलटं करणाऱ्या माणसाला हे सुचावं, यात नवल नाही.

एतेइयाच्या काळातल्या राजा-राणीला एकच डोकं असे, म्हणून पत्ता उलटा आहे हे दिसायचं. आज दिवाळीत रमीचा डाव मांडतात त्या पत्त्यांतले राजा, राणी, गुलाम दोन्ही टोकांना डोकं घेऊन येतात, त्यांना उलटं करून दाखवा! आपल्या सावंतवाडीचा गंजिफा तर गोलच. दशावतारी संचात दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. गोल पत्त्याला वर-खाली नसल्यानं तिथला उलटेपणा खेळाच्या नियमात शिरला आहे: निम्म्या अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा आणि दश्शी लहान.

आज बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. ७८ पत्ते, म्हणजे सरळ-उलट धरून १५६ अर्थ. हा आकडा ऐकूनच निम्मे शिकाऊ गळतात. उरलेले सोपी वाट काढतात: सरळ अर्थाच्या आधी ‘न’ लावला की झाला उलटा अर्थ. यश असेल तर अपयश, लग्न असेल तर मोडलेलं लग्न. खुद्द वेट यांचं पुस्तक उघडलं तर ही पळवाट तिथंच बंद होते. ‘फोर ऑफ वँड्स’ हा फुलांच्या मांडवाचा, सणासुदीचा पत्ता. तो उलटा आला तरी अर्थ बदलत नाही, असं वेट सांगतात. ‘द सन’ उलटा आला तर अर्थ तोच, फक्त थोडा कमी. ‘टेन ऑफ सोर्ड्स’ हा पाठीत दहा तलवारी घुसलेला, पाहवत नाही असा पत्ता. उलटा आला की त्यात लाभ आणि यश आहे, पण टिकाऊ नाही. ‘एट ऑफ कप्स’मध्ये माणूस रचलेले पेले मागं टाकून डोंगराकडं निघालाय, उलट्यात वेटना मेजवानी आणि आनंद दिसतो. यात ‘न’ लावण्याचं सूत्र कुठंच बसत नाही.

बीड जिल्ह्यातल्या प्रश्नांना हे पत्ते कसे लागू होतात ते पाहण्यासारखं आहे. इथं विचारणारे निम्मे तरुण स्पर्धा परीक्षा नाहीतर पोलीस भरतीवाले. समजा ‘सिक्स ऑफ वँड्स’ आला. घोड्यावर बसलेला विजयी वीर, काठीला पानांचा हार, भोवती माणसं. उलटा आला की शिकाऊ लगेच ‘नापास’ म्हणून मोकळा होतो. वेट यांच्या यादीत उलट्या अर्थांत भीती आहे, दगा आहे आणि शेवटी आहे अनिश्चित काळाचा विलंब. जाहिरात निघाली, अर्ज भरला, परीक्षा पुढं ढकलली, निकाल अडकला, हे ज्यानं भोगलंय त्याला या पत्त्याची फोड करून सांगावी लागत नाही.

त्याहून नेमका ‘सेव्हन ऑफ पेंटॅकल्स’. एक शेतकरी काठीवर हात टेकून पिकाकडं बघत उभा आहे. वेलीवर फळांच्या जागी सोन्याच्या चकत्या. काम थांबलंय, नजर हलत नाही. पीक हाती किती लागेल याचा हिशेब त्या चेहऱ्यावर वाचता येतो. उलटा आल्यावर वेट यांनी दिलेला अर्थ असा: उसने देऊ घातलेल्या पैशाबद्दल काळजी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातले कोयते ऊसतोडीला निघतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि मुकादमालाही ती फिटेपर्यंत घोर असतोच. लंडनच्या चित्रकर्तीला धारूर-वडवणीचा मुकादम ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. चित्र मात्र कामाचं आहे, आणि उलटा अर्थ पाठ करण्यापेक्षा चित्रच उलटं धरून बघणं जास्त शिकवून जातं. ‘द हँग्ड मॅन’ उलटा धरला तर टांगलेला माणूस एका पायावर उभा राहून नाचताना दिसतो, डोक्यामागचं तेजोवलय तसंच. चेहऱ्यावर सरळ पत्त्यातही त्रास नसतो, हे बहुतेकांच्या तेव्हा कुठं लक्षात येतं.

उलटं म्हणजे वाईट हा समज बीडकरांनी तरी धरू नये. जिल्ह्यातलं गोदाकाठचं राक्षसभुवन हे शनीचं नावाजलेलं ठिकाण, आणि शनी वक्री होतो हे तिथं जाणाऱ्या प्रत्येकाला पंचांगानं शिकवलेलं आहे. शनी दरवर्षी साधारण साडेचार महिने वक्री असतो. तो खरोखर मागं फिरत नाही. बीडहून गेवराईला निघालेल्या एसटीच्या खिडकीतून मागं पडणारी बैलगाडी जशी उलटी चालल्यासारखी वाटते, तशी पृथ्वी शनीला ओलांडून पुढं जाताना तो मागं सरकताना दिसतो. आणि ज्योतिषाच्या पारंपरिक ग्रंथांत वक्री ग्रह दुबळा नसतो, उलट त्याला भरपूर चेष्टाबल, म्हणजे गतीतून येणारं बळ, मिळतं. सूर्य-चंद्र कधीच वक्री होत नाहीत, राहू-केतू कायम वक्री. पंचांग वाचणाऱ्या घरातली मुलगी टॅरो शिकायला बसली की उलट्या पत्त्याला ती कमी घाबरते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

रमलातही हा उलट-सुलटचा खेळ आहे. अरबी-फारसीतून आलेल्या या विद्येत चार ओळींत एक किंवा दोन टिंबं मांडून सोळा आकृत्या होतात. वर एक टिंब आणि खाली तीन जोड्या असतील तर ‘लह्यान’, आनंदाची. तीच डोक्यावर उभी केली की ‘अंकीस’, दुःखाची. पण तरीक, जमात, उक्ला आणि इज्जतमा या चार आकृत्या कशाही फिरवल्या तरी त्याच राहतात.

आता पिसण्याबद्दल. नवा संच उघडला की सगळे पत्ते एकाच दिशेनं असतात आणि नुसतं वर-खाली पिसून त्यातला एकही उलटा होत नाही. अर्धा गठ्ठा हातात फिरवून मग मिसळावा लागतो, नाहीतर जमिनीवर पसरून गोल ढवळावा लागतो. नीट ढवळला तर प्रत्येक पत्ता उलटा येण्याची शक्यता निम्मी. तीन पत्त्यांच्या मांडणीत तिन्ही उलटे येणं आठांत एकदा घडणारच. दहा पत्त्यांच्या मांडणीत दहाही सरळ यायला मात्र १०२४ मांडण्यांत एकदाचा योग. तीन उलटे पाहून ‘काहीतरी बाधा आहे’ म्हणणाऱ्यानं हा हिशेब आधी करावा, आणि ‘पत्ते उलटे पडलेत, शांत करावी लागेल’ म्हणून पैसे मागणाऱ्यापुढून विचारणाऱ्यानं उठावं. भाकिताच्या खात्रीची परीक्षा महाराष्ट्रात झालेलीही आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्या चाचणीत २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवरून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचं होतं. बरोबर उत्तरं निघाली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्याच्याही किंचित खाली. टॅरोचे पत्ते याहून वेगळे ठरतील असं मानायला काही आधार नाही. ते चित्रांवरून बोलतं करण्याचं साधन म्हणून वापरले तर उलट्या पत्त्याला काही काम उरतं. अलीस्टर क्राउली आणि चित्रकर्ती फ्रीडा हॅरिस यांचा ‘थोथ’ संच वापरणारे पुष्कळ जण तर उलटे अर्थ मानतच नाहीत, शेजारच्या पत्त्याशी जुळतं की भांडतं एवढंच बघतात.

शिकणाऱ्यानं सुरुवातीला मेजर अर्कानाचे, म्हणजे ‘द सन’, ‘द हँग्ड मॅन’ यांसारखे २२ पत्तेच घ्यावेत आणि सगळे सरळ ठेवावेत. चित्रं डोळ्यांत बसली की गठ्ठा फिरवायला हरकत नाही. वहीत प्रत्येक पत्त्याला एक पान द्यावं आणि उलट्यासाठी तीन ओळी रिकाम्या सोडाव्यात: तीच गोष्ट कमी प्रमाणात, तीच गोष्ट उशिरा, तीच गोष्ट बाहेर न दिसता आत चाललेली. संच विकत घेताना पाठीवरची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी आहे ना, तेही बघून घ्यावं. नसेल तर पत्ता उघडण्याआधीच उलटा कोणता ते कळतं आणि बोट आपसूक दुसरीकडं वळतं.