कुंचीची कड

बालाघाट-गोंदियाच्या बाजारात काय किंवा पुण्यात काय, रेडिमेड कुंचीला हल्ली नायलॉनची लेस असते आणि ती बाळाच्या गालाला टोचते. तेवढीच तक्रार असती तर उसवून टाकली असती. पण जुनी, घरी केलेली कुंची शेजारी ठेवली की हिशेबच वेगळा निघतो. चेहऱ्याभोवती सुती दोऱ्याची, क्रोशाने विणलेली कड: आधी साखळ्या, त्यांवर मुक्या खांबांची घट्ट ओळ, मग बाहेर कमानी. कमानी शोभेच्या खऱ्या, पण ती घट्ट ओळ शिवण झाकते आणि कापडाची कड सुटू देत नाही. झबल्या-दुपट्याला तर मऊ म्हणून जुनं लुगडंच फाडायचं, म्हणजे त्यात नवं काय, तर ही लेस. बाळ वाढलं की ती काढून धाकट्याच्या झबल्याला लावायची. इतकं टिकाऊ, विचारपूर्वक केलेलं काम आपण फावल्या वेळचा चाळा म्हणून सोडून देतो, याचा मला राग आहे.

कुणी म्हणेल, ही कला मुळात आपली नव्हे, मिशनऱ्यांच्या बायकांनी आणलेली. आजच्या तमिळनाडूतल्या नागरकोइलला 1820च्या सुमारास मिशनरी पत्नी मार्था मॉल्ट लेस शिकवू लागल्या, हे खरंच. पण सुई कुठून आली यावरून मजुरी ठरत नसते. आंध्रातल्या नरसापूरच्या क्रोशा विणणाऱ्यांवर समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचं पुस्तक 1982 मध्ये आलं. त्यात दिसतं ते असं: लेस परदेशी जायची, व्यापार पुरुषांच्या हाती, आणि विणणाऱ्या बायका ‘घरीच तर असतात’ म्हणून मजुरी नाममात्र. (तिकडे इंग्लंडच्या राजघराण्यात 1841चा होनिटन लेसचा झगा बाप्तिस्म्याला 2004 पर्यंत पुरला. तो शिवणाऱ्या जॅनेट सदरलंड ठाऊक आहेत, लेस विणणाऱ्यांची नावं कुणी घेत नाही.)

दुसरा आक्षेप जास्त अवघड. आपल्याच बाळासाठी विणलेल्याचा कसला मोबदला, माया काय पैशात मोजायची? नका मोजू. पण मग बालाघाट जिल्ह्यातल्या आमच्या वारासिवनीकडे बघा. तिथल्या हातमागाच्या साडीला 2023 मध्ये जीआय मानांकन मिळालं, ते रास्तच. मागावर बसणाऱ्याला विणकर म्हणतात. त्याच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या बहुतेक घरच्या बायका भरतात, आणि कांडी नसेल तर धोटा रिकामाच फिरेल. इथे माया नाही, बाळ नाही, सगळं बाजारासाठी. तरी कांडी भरणारीला कुणी विणकर म्हणत नाही आणि तिची वेगळी मजुरीही सहसा कुणी धरत नाही. साडीच्या किमतीत हा वेळ कुठल्या रकान्यात बसतो, ते विणकर सोसायट्यांनी एकदा कागदावर मांडावं.