छत्तीस खापऱ्या

पुण्याहून सोलापुरास जाताना भिगवणच्या पुढे जे पळसदेव लागते, ते नवे गाव होय. जुने पळसदेव भीमेच्या काठी होते. उजनीचे धरण झाले आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरे, पार, चिंचा, मळे असे सारे गाव पाण्याखाली गेले. पळसनाथाचे पाषाणी देवालय मात्र जागचे हलले नाही. ज्या वर्षी उन्हाळा कडक पडून पाणी मागे सरते, त्या वर्षी ते उघडे पडते व दूरदूरचे लोक ते पाहावयास येतात. आम्हीही जातो, परंतु आमची दृष्टी शिखराकडे न जाता पायरीकडे जाते. त्या पायरीवर आम्ही एक सबंध सुट्टी छत्तीस खापऱ्या मांडण्यात व मोडण्यात घालविली.

तेव्हा आम्ही वसतिगृहात राहून शिकत होतो. सुट्टी लागण्याच्या दिवशी गणिताच्या शिक्षकांनी एक कोडे घातले. ते त्यांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या भाषेत सांगितले. आम्ही ते आपल्या मुलखाच्या भाषेत उतरविले. पळसदेव, भिगवण, डाळज, कळस, लोणी देवकर व निमगाव केतकी या सहा गावांनी प्रत्येकी एक सुतार, एक लोहार, एक कुंभार, एक गवंडी, एक शिंपी व एक तेली पाठविला. या छत्तीस जणांस सहा ओळींत सहा-सहा असे उभे करावयाचे. परंतु कोणत्याही आडव्या वा उभ्या ओळीत एकाच गावचे दोघे किंवा एकाच धंद्याचे दोघे येता कामा नयेत.

खापऱ्यांस त्या उन्हाळ्यात तोटा नव्हता. गाव उठत होते. वासे, चौकटी, जाती गाड्यांत चढत होती आणि फुटके रांजण व माठ मागे राहत होते. आम्ही छत्तीस खापऱ्या वेचून त्यांवर कोळशाने गावाचे अक्षर व धंद्याचा आकडा लिहिला. नऊ खापऱ्यांची चौकट घटकाभरात जमली, सोळांचीही दोन दिवसांत जमली. छत्तिसांची मात्र जमेना. चौतीसपर्यंत सुरळीत यावे आणि शेवटच्या दोन खापऱ्यांनी घात करावा, असे कितीदा झाले त्याची गणती नाही. आमचे वडील, ज्यांस आम्ही आबा म्हणत असू, बैल पाण्यावर आणताना थांबून पाहत व काही न बोलता पुढे जात. घर मोडण्याच्या कामी हात लावावयाचा सोडून मुलगा खापऱ्यांशी खेळतो, याचे त्यांस वाईट वाटत असले पाहिजे. आम्हांस ते तेव्हा उमगले नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. आम्ही वहीत लिहून नेले होते : ‘ही मांडणी होणे शक्य नाही.’ शिक्षकांनी ते वाचून विचारले, “शक्य नाही, की तुला जमले नाही?” आम्ही निरुत्तर झालो. मग ते म्हणाले की, उत्तर बरोबर आहे, पण ते तुझे नव्हे. मांडणी अशक्य आहे हे गास्ताँ टारी नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९०१ च्या सुमारास एकूण एक शक्यता तपासून सिद्ध केले. न सुटणारे कोडे सुट्टीसाठी दिले याचा आम्हांस फार राग आला. आज तो राग उरलेला नाही, असे म्हणवत नाही!

त्यांनी पुढे जे सांगितले त्याने मात्र आमचा राग बाजूस सरला. हा प्रश्न थोर गणिती ऑयलर याच्या १७८२ मध्ये छापलेल्या निबंधातला. सहाची चौकट त्यालाही जमली नाही. तेवढ्यावर न थांबता त्याने तर्क केला की दहा, चौदा, अठरा, बावीस, म्हणजे चाराने भागिले असता दोन उरतात अशा कोणत्याही संख्येची चौकट जमणारच नाही. एवढ्या मोठ्या माणसाने म्हटले म्हणून लोकांस ते खरे वाटत राहिले. १७७ वर्षांनी, १९५९ मध्ये, तो तर्क खोटा ठरला. आणि खोटा ठरविणाऱ्या तिघांत एक नागपूरचे प्राध्यापक होते, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे.

श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ रोजी सागर येथे झाला. घरची स्थिती बेताची, भावंडे पुष्कळ. शिष्यवृत्त्यांच्या आधाराने ते नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात शिकले. पुढे कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांस राजचंद्र बोस यांचा सहवास घडला. नागपुरास अध्यापन करीत असता ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेले व १९५० मध्ये बोस यांच्याच हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. मग पुन्हा नागपूर, आणि १९५८ मध्ये पुन्हा बोस यांच्याकडे. या खेपेस गुरुशिष्यांनी मिळून बावीसची चौकट मांडून दाखविली. तिकडे पार्कर नावाच्या गणितज्ञाने दहाची मांडली. मग तिघांनी एकत्र येऊन सिद्ध केले की दोन व सहा वगळता चौकट सर्वत्र जमते. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. त्याच वर्षी श्रीखंडे यांनी सोळा बिंदूंची एक जालाकृती मांडली. तीत प्रत्येक बिंदू इतर सहांशी जोडलेला असतो. जगभरचे गणिती आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात.

परदेशी राहण्याची संधी असता ते १९६० मध्ये परतले. आधी काशीस बनारस हिंदू विश्वविद्यालयात, नंतर १९६३ पासून मुंबई विद्यापीठात. तेथील गणित विभाग त्यांनी उभा केला व १९७८ मध्ये ते निवृत्त झाले. पुढे काही वर्षे त्यांनी अलाहाबादच्या मेहता संशोधन संस्थेचे संचालकपदही सांभाळले. आमच्या खापऱ्यांच्या वर्षी ते मुंबईत होते. त्यांस पत्र पाठवावे म्हणून आम्ही एक पोस्टकार्ड आणले, पण मराठीत लिहावे की इंग्रजीत हे ठरेना, आणि ते कोरेच राहिले. २१ एप्रिल २०२० रोजी, १०२ व्या वर्षी, ते निवर्तले. टाळेबंदीमुळे घरी वर्तमानपत्र येत नव्हते. ती वार्ता आम्हांस फार उशिरा कळली.

असो. त्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही नव्या जागी गेलो. जुन्या काळ्या रानाच्या बदली मिळालेली जमीन चढाची व मुरमाड होती. आबा बांधावर बसून म्हणाले, “त्या खापऱ्यांचं काय झालं रं? त्याचा काय उपेग?” आम्ही शिक्षकांकडून ऐकले होते तेवढे सांगितले. एक वाण चांगल्या मातीत पेरले व दुसरे वाईट मातीत, तर फरक वाणाचा की मातीचा हे कळावयाचे नाही. म्हणून प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या व उभ्या पट्ट्यात एकदा यावे अशी वाफ्यांची मांडणी शेतकी प्रयोगात करतात आणि बोस-श्रीखंडे यांचे गणित याच विद्येच्या पोटातले आहे. आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “आरं, ह्ये तर बरुबर हाय. मांड की मग.”

आम्ही बाभळीच्या काटकीने मातीवर नऊ घरांची चौकट काढली : ज्वारीची तीन वाणे व शेणखताची तीन मापे. पहिल्या ओळीत पहिले वाण पहिल्या मापाने, दुसरे दुसऱ्याने, तिसरे तिसऱ्याने. दुसरीत दुसरे वाण तिसऱ्या मापाने, तिसरे पहिल्याने, पहिले दुसऱ्याने. तिसरीत तिसरे दुसऱ्याने, पहिले तिसऱ्याने, दुसरे पहिल्याने. आबांनी तसे वाफे पाडले व स्वतः पेरणी केली.

शास्त्रज्ञांनी हसावे असाच तो प्रयोग झाला. दोन वाफे पाखरांनी फस्त केले; कोणते वाण सरस, हे शेवटपर्यंत ठरले नाही. एक गोष्ट मात्र निःसंशय दिसली. चढाकडील पट्ट्यातील तिन्ही वाफे, वाण कोणतेही असो व खत कितीही असो, खुरटलेच होते. आबांनी तिन्ही कणसे हातात घेऊन पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी जुंपली. पाणी शिरण्यापूर्वी जुन्या शिवारातली चौदा गाड्या काळी माती त्यांनी त्या पट्ट्यावर आणून टाकली. शेवटच्या गाडीत मातीबरोबर खापऱ्याही आल्या. आम्ही त्या वेचून पाहिल्या. कोळशाची अक्षरे कोणत्याच खापरीवर नव्हती.