अंग आंबणे

दुखल्यावाचून आपल्याला पाय आहेत याची आठवण माणसाला होत नाही! पन्नाशी उलटल्यावर मी कडेगावच्या रस्त्यावर एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे असा नेम धरला. पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना.

"अंग आंबलंय तुमचं, दुसरं काय!" सौ. म्हणाली.

किती चपखल शब्द! जणू अंगाचे ताक झाले. शास्त्रज्ञही पुष्कळ वर्षे लॅक्टिक आम्लालाच दोष देत. पण ते तासाभरात ओसरते. दुखणे मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोचते. स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म चिरा पडतात, हे थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच सुचवले होते. त्या भरून आल्या की स्नायू पुढच्या खेपेस अधिक सोसतो. म्हणून मी एक दिवसाआड धावतो, उताराला जपतो, मधल्या दिवशी सावकाश फिरतो.

पलीकडच्या कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. तालमीतल्या पहिल्या बैठकांनी त्यांचेही अंग आंबलेच असेल की! मला पदक नको. माझे वडील हृदयविकाराने साठीच्या आतच गेले. ती साठी मला गाठायची आहे; लंगडत का होईना!