शेकरूचं रान, काजव्यांची झाडं

शनिवार पेठेहून निघालेली दैनंदिनी : भाग पहिला

शुक्रवार, भीमाशंकर

रिक्षा, घर ते वाकडेवाडी स्टँड 90. गाडी पावणेसातची, सुटली साडेसातला. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्या वाचलेल्या पैशांतून ताईंनी (माझी थोरली नणंद) मंचरला काकड्या आणि केळी घेतली. तिथेच पाऊण तास खोळंबा. डिंभ्याच्या पुढे घाटात एक गाडी आडवी होऊन बसलेली, तिथे पुन्हा खोळंबा. खोली 1200, आंघोळीचं पाणी बादलीला 40, दोन थाळ्या 300.

संध्याकाळी दर्शन झालं. देवळापाशी टांगलेली मोठी घंटा वसईची. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या, त्यांतली ही एक. अप्पांची समाधी आमच्या ओंकारेश्वराच्या आवारात आहे, रोज तिच्यावरून जाणं होतं. ताई घंटेपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. खाली बाजारात कर्णा रात्री साडेदहापर्यंत चालू होता.

शनिवार, भीमाशंकर

आज शेकरू दिसलं. आधी आवाज आला, घशातून खडखडल्यासारखा, मग पानं हलली. वनरक्षक बाई बरोबर होत्या, पंचविशीच्या असतील. त्यांनी नुसतं बोट वर केलं. जांभळाच्या फांदीवर मागच्या पायांनी पकड घेऊन ते पुढे लवलं होतं. दोन्ही हातांत फळ, तोल सांभाळायला लांबलचक शेपूट मागे सोडलेली. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळट पांढरं, शेपटीचं टोक फिकं. पाचेक मिनिटं आम्ही हललो नाही. मग त्याने उडी घेतली ती थेट पलीकडच्या झाडावर, आणि तिथून पुढच्या.

या उडीतच त्याचं सगळं जगणं आहे. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही. एक शेकरू काटक्या-पानांची अनेक घरटी बांधून ठेवतं, तीही उंचावर, जिथे एका झाडाच्या फांद्या दुसऱ्याला टेकतात अशा जागी. मधलं एक झाड गेलं, रस्ता रुंद झाला, की त्याची वाट तुटते. 1985 मध्ये भीमाशंकरचं अभयारण्य झालं ते मुख्यतः याच्यासाठी. क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे हा, आणि देवळाच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना तो डोक्यावरच्या झाडावर राहतो हे माहीत असेल?

परतताना एका टोळक्यातल्या मुलाने शेकरू हलावं म्हणून दगड उचलला. वनरक्षक बाईंनी त्याचा हात धरला. आवाज चढवला नाही. "दादा, दगड मारलास तरी गुन्हा आणि ती कुरकुऱ्यांची पिशवी इथे टाकलीस तरी गुन्हा. एकाच कलमात आहे." खरंच तसं आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 27व्या कलमात वन्यप्राण्याला त्रास देऊ नये आणि अभयारण्यात कचरा करू नये, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात आहेत. मुलाने पिशवी खिशात घातली.

मी विचारलं, एवढी माणसं तुम्ही एकट्या कशा सांभाळता?

"नाही सांभाळली जात, काकू. सुट्टीच्या दिवशी नाही जमत."

रविवार, भीमाशंकर

गर्दी. गाड्यांची रांग पार खालपर्यंत. नागफणीच्या वाटेवर स्पीकर घेऊन आलेले तीन गट. रात्री कर्णा. पिशवीभर बाटल्या उचलल्या, ताईंनी दोन पिशव्या. पाठ दुखतेय. चहा 20, चहा 20, चहा 20. शेकरू नाही.

सोमवार, आहुपे

घोडेगावहून आहुप्याची गाडी सव्वा तास उशिरा. वाटेत माळीण लागतं. 30 जुलै 2014 ला डोंगर खाली आला आणि 151 माणसं गेली. गाडीतली बडबड तिथे आपोआप थांबली. शेजारच्या बाईने खिडकीकडे हात जोडले. मला काही विचारवलं नाही.

आहुप्यात ज्यांच्याकडे उतरलोय त्या मावशींबद्दल आज लिहितेच, कितीही झोप आली तरी. महादेव कोळी कुटुंब. अंगणभर हिरडा वाळत घातलेला. कोवळी फळं झोडपून पाडायची, वेचायची, उन्हात काळी पडेपर्यंत वाळवायची आणि विकायची, हा बाळहिरडा. पावसाळ्याचं बियाणं, मुलांच्या वह्या, घरातलं लग्न, सगळं यातून निघतं. मूठभर माझ्या ओंजळीत ओतून मावशी म्हणाल्या, "हलवून बघा. खुळखुळला की वाळला." 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ झालं, तेव्हा जुन्नर, आंबेगाव आणि खेडच्या डोंगरातला हिरडा झडून गेला. भरपाई हातात पडावी म्हणून लोकांना कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली.

मी नियमांचं विचारलं. रानातून काय आणता येतं, काय नाही?

"आम्हाला समदे नियम ठावं. कोयता दिसला की नाक्यावर इचारत्यात. इचारावं, आमचं म्हणणं न्हाई. पण गाडीतल्यांनाबी इचारा."

मग वणव्याचं निघालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये वन विभाग गवत कापून, जाळून जाळरेषा काढतो. तरी कुणीतरी विडी टाकतं, नाहीतर तंबूवाले शेकोटी तशीच सोडून जातात. गेल्या साली रात्री दीडला आग दिसली आणि गावातली बायामाणसं ओल्या फांद्या घेऊन धावली. मावशींच्या पोटरीवर भाजल्याचा डाग आहे, हाताच्या पंजाएवढा. अभयारण्यात राहणाऱ्याने आग विझवायला मदत करावी, मेलेलं जनावर दिसलं तर कळवावं, ही कर्तव्यं त्याच 27व्या कलमात लिहिलेली आहेत. ती ही माणसं पार पाडतात. म्हणून मला वाटतं, रानाचे नियम ठरवताना पहिली खुर्ची मावशींना मिळायला हवी. 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकार दिलेला आहेच. तो कागदावरून अंगणापर्यंत आला पाहिजे.

जेवण: तांदळाच्या भाकरी, हुलग्याचं पिठलं, करवंदांचं ताजं लोणचं. ताईंनी तिसरी भाकरी मागून घेतली. पैसे दिले ते मावशींनी मोजलेही नाहीत.

मंगळवार, आहुपे

देवराईत सकाळ घालवली. चपला बाहेर काढायच्या, वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. नाका नाही, पावती नाही, पहारेकरी नाही. गारंबीचा वेल माझ्या मांडीएवढा जाड, एका झाडावरून खाली येऊन पुन्हा दुसऱ्यावर चढलेला. सावली इतकी दाट की मे महिन्यात पायाखालची माती गार लागते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या अशा राया हिंडून त्यांचा अभ्यास मांडला. लोकांनी स्वतःवर घातलेलं बंधन किती पिढ्या टिकतं, हे त्यामुळे शहरातल्यांना कळलं. घरातला नववीतला मुलगा वाट दाखवायला आला होता. त्याला विचारलं, कुणी काटकी नेली तर? "कोण नेईल?" असं म्हणून तो माझ्याकडे बघतच राहिला.

दुपारी कड्यावर गेलो. खाली कोकण धुरकट. वारा.

बुधवार, शेंडी

आहुपे-घोडेगाव-मंचर-संगमनेर-अकोले-राजूर-शेंडी. चार गाड्या, एक जीप. जेवण नाही. संगमनेरला वडापाव 40. खोली 1500, पंखा आवाज करतो.

गुरुवार, शेंडी

रात्रीचे साडेबारा झालेत, तरी लिहिते.

अमावास्या जवळ आली आहे, काजव्यांना हवा तसा अंधार. भंडारदरा धरणाच्या काठाने रतनवाडीकडे गेलो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, 1986 पासूनचा. नाक्यावर शुल्क भरलं, गाडीचा नंबर लिहून घेतला, परतायची वेळ सांगितली. फ्लॅश नको, बॅटरी नको, झाडाखाली जायचं नाही.

पहिलं झाड सादड्याचं. खालच्या फांदीवर उजेड झाला, वर सरकत शेंड्यापर्यंत गेला, विझला. मग अंधार. मग सगळं झाड एकदम. हजारो नर एका तालात लुकलुकतात, मादी त्यातून आपला जोडीदार हेरून उत्तर देते. काही आठवड्यांचा हा खेळ, पुढच्या सालचे काजवे त्यावर अवलंबून. ताईंनी माझा दंड घट्ट धरला होता.

तेवढ्यात वळणावरून गाडी आली, दिवे मोठे. झाड विस्कटलं. इकडे एक ठिणगी, तिकडे दोन, ताल गेला. ती गाडी गेली, दुसरी आली. पाऊण तासात ते झाड पुन्हा पूर्ण लागलेलं मी पाहिलं नाही. फोटोसाठी लोक झाडाखाली पालापाचोळ्यात शिरत होते. काजव्याच्या अळ्या त्याच पाचोळ्यात, ओल्या मातीत वाढतात, गोगलगायी खाऊन. गावातली दोन मुलं रस्त्यावर उभी राहून प्रत्येक गाडीला हात जोडत होती, "दिवे बारीक करा." घसा बसला होता पोरांचा.

शुल्क घेतलं म्हणजे रान राखलं, असं होत नाही. कासच्या पठारावर रोज 3000 माणसांची मर्यादा आहे, आधी नोंदणी करावी लागते, गाड्या लांब उभ्या राहतात. तिथे फुलांसाठी जे जमलं ते इथे काजव्यांसाठी का जमू नये? हंगाम तीन-चार आठवड्यांचा. बाहेरच्या गाड्या शेंडीतच थांबवाव्यात, पुढे गावच्या जीपा मंद दिव्यांनी सोडाव्यात. भाडं गावात राहील आणि झाडांना अंधार मिळेल. आमचा जीपवाला म्हणाला, "आम्ही आजपण तयार आहोत, मावशी. बाहेरची गाडी थांबवायचा हक्क आमच्याकडे नाय."

शुक्रवार, राजूर

सकाळी वन विभागाला द्यायचा अर्ज लिहिला, दोन पानं. रात्री पाहिलेलं सगळं, वेळेसकट, आणि गावच्या जीपांची मागणी. खाली मी, ताई, जीपवाला आणि ती दोन्ही मुलं यांच्या सह्या. अर्ज देऊन पोच घेतली. तिथल्या वनपालांनी वाचून दोन प्रश्न विचारले, ग्रामसभेचा ठराव जोडलात तर जोर येईल म्हणाले. मुलं लगेच सरपंचांकडे निघाली.

झेरॉक्स 12. चहा पाच जणांचा 50. ताईंचा गुडघा सुजलाय, मलमपट्टी 85. उद्या पाचनईहून हरिश्चंद्रगड, त्यांचं चढायचं ठरलेलं आहेच.