भिलाई पोस्टिंग : चुकलेला आकडा



सध्या मुक्काम भिलाईत. एनसीसीच्या पोरांना नकाशावाचन शिकवतो. सहा आकडी ग्रिड रेफरन्समधला शेवटचा आकडा एकाने चुकला तर माणूस शंभर मीटर बाजूला जातो. पहिला चुकला तर दहा किलोमीटर. हे मी रोज घोकून घेतो.

गेल्या आठवड्यात मीच चुकलो.

चहाच्या सुट्टीत एका कॅडेटने विचारलं, "उस्ताद, १७०० साली मराठ्यांची कॉन्फेडरसी होती ना? मी तिच्याकडूनच खेळतो." त्याचे आजोबा विदर्भातून इथे पोलाद कारखान्यात आले, घरात अजून मराठी आहे. गेम म्हणजे २००९ चा 'एम्पायर: टोटल वॉर'. मोहीम १७०० ला सुरू होते आणि त्यात आपल्याला हेच नाव दिलंय. मी पडलो साताऱ्याचा. छाती फुगवून सगळ्यांसमोर म्हणालो, "होती की!"

रात्री ड्यूटीवर बसलो आणि चूक ध्यानात आली. मार्च १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये आमचा साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाने घेतला. शाहू महाराज तर मोगलांच्या कैदेत. लहान मुलाला गादीवर बसवून ताराबाईंनी लढाई पुढे चालवली. शिंदे, होळकर, गायकवाड यांचा संघ उभा राहायला अजून काही दशकं होती.

शंभर वर्षांच्या खेळाला गेमवाल्यांनी एकच नाव लावलं, सोयीचं म्हणून. पण राजा गेला, गड गेला, तरी फौज मोडली नाही, हे त्या नावाखाली झाकून जातं. शिपाई म्हणून मला तेच लागलं.

सकाळी फॉलइनमध्ये सर्वांसमोर चूक कबूल केली. त्याने लगेच विचारलं, "मग इथे मराठे कधी आले?" मला सांगता आलं नाही. दोघांनी मिळून शोधलं. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत रतनपूरवर चालून आला. १७५८ पासून तिथे बिंबाजी भोसल्यांचा कारभार. १८५४ मध्ये नागपूरसोबत हा मुलूखही कंपनीने घेतला.

मागच्या रांगेतला एक छत्तीसगढी पोरगा म्हणाला, "उस्ताद, आमच्याकडे ते वसुलीला आले असं सांगतात." क्षणभर अवघड वाटलं. मग फळ्यावर १७४१ च्या पुढे मीच लिहिलं : स्वारी आणि वसुली.

पोराने गेम सोडलेला नाही, सोडूही नये. ताराबाईंवर मराठी पुस्तक मिळेल का, विचारत होता. सुट्टीवरून येताना आणायचं कबूल केलंय.

जय हिंद.