व्हिएन्नातला मोकळा दिवस

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत व्हिएन्नाच्या दुसऱ्या दिवसापुढे ‘मोकळा दिवस’ एवढंच छापलं होतं. पंधरा दिवसांत पाच देश पालथे घालणाऱ्या माणसाला मोकळा दिवस म्हणजे शाळकरी पोराला अवचित मिळालेली सुट्टी! बरोबरची मंडळी बाजारहाटाला निघाली. मी मात्र आदल्या रात्रीच वहीत यादी करून ठेवली होती. चर्च, राजवाडा, दोन संग्रहालयं, तीन पुतळे. वीस वर्षं प्राध्यापकी केल्यावर माणसाला सुट्टीचंसुद्धा वेळापत्रक लागतं.

“अहो, तुमचं चर्च बघू,” यादी परत देत आमची सौ. म्हणाली, “पण संध्याकाळ माझी. इथवर आलोय, तर मला इथलं गाणं ऐकायचंय.”

इथं थोडं मागचं सांगायला हवं. ही माहेरी, सांगलीला, सात वर्षं गाणं शिकली. लग्नात तिच्याबरोबर तंबोरा आला. पहिली दोन वर्षं तो वाजला. मग मुलं झाली, आईचं आजारपण आलं, माझे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येऊ लागले, आणि तंबोरा गवसणी घालून कपाटावर जाऊन बसला. तो कुणी चढवला म्हणाल, तर कुणीच नाही. ‘गाऊ नकोस’ असं मी कधी म्हटलं नाही. ‘गा’ असंही म्हटलं नाही.

सकाळी सेंट स्टीफनच्या चर्चला गेलो. रंगीत कौलांची नक्षी असलेलं त्याचं उतरतं छप्पर पाहून हिला पैठणीचा पदर आठवला. दक्षिणेकडचा मनोरा १३६ मीटर उंच. वरच्या खोलीपर्यंत ३४३ पायऱ्या, म्हणजे लागोपाठ तीनदा पर्वती चढण्याचा प्रकार! पहिली पर्वती मी बोलत चढलो, दुसरी मुकाट्यानं, आणि तिसरी भिंतीला धरून. ही माझ्या आधी पोचून खिडकीत उभी होती.

उत्तरेकडच्या मनोऱ्यात ‘पुमेरिन’ नावाची सुमारे वीस टनांची घंटा आहे. १६८३ साली तुर्कांनी शहराला वेढा घातला होता. तो उठल्यावर त्यांच्या हाती लागलेल्या तोफा वितळवून १७११ मध्ये मूळ घंटा ओतली. वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, तर इथं तोफांचीच घंटा झाली! एप्रिल १९४५ मध्ये चर्चला आग लागली, घंटा खाली कोसळून फुटली. लोकांनी ते तुकडे गोळा केले आणि त्यांतूनच नवी घंटा ओतली. १९५२ मध्ये ती वाजतगाजत शहरात आणली.

“तुकडे टाकून नाही दिले,” ही एवढंच म्हणाली.

चर्चच्या मागं डोमगासे नावाची चिंचोळी गल्ली आहे. तिथल्या पाच नंबरच्या घरात पहिल्या मजल्यावर १७८४ ते १७८७ पर्यंत मोझार्ट भाड्यानं राहत होता. ‘फिगारोचं लग्न’ हा ऑपेरा त्यानं इथंच लिहिला. त्याचं स्वतःचं लग्न आणि अंत्यविधी, दोन्ही याच चर्चमध्ये. मधे जेमतेम नऊ वर्षं. पस्तिसाव्या वर्षी तो गेला. रिकाम्या खोल्यांतून ही हळूहळू फिरली आणि खिडकीशी बराच वेळ थांबली.

दुपारी मात्र दुःख बाजूला ठेवावं लागलं, कारण व्हिएन्नात दुपार ही गोड खाण्यासाठीच असते. इथला झाखर केक जगप्रसिद्ध. १८३२ साली मेटर्निख या मंत्र्याच्या घरी मेजवानी होती. मुख्य आचारी आजारी पडला, म्हणून फ्रान्झ झाखर या सोळा वर्षांच्या उमेदवारानं हा केक केला, असं सांगतात. चॉकलेटचा केक आणि त्यात जर्दाळूचा मुरंबा. पुढं झाखर हॉटेल आणि डेमेल ही मिठाईची पेढी यांच्यात ‘अस्सल’ कोण यावर कोर्टकचेरी चालली. १९६३ मध्ये तडजोड झाली. ‘अस्सल’ हा शब्द हॉटेलकडे गेला. त्यांच्या केकमध्ये मुरंबा पोटातही असतो, डेमेलच्या केकमध्ये तो फक्त वरच्या चॉकलेटखाली. भाऊबंदकी काय, बांधावरूनच होते असं नाही, मुरंब्यावरूनही होते!

आम्ही डेमेलमध्ये बसलो. ही पेढी १७८६ची, म्हणजे ‘फिगारो’च्या जन्माचंच वर्ष. चांदीसारख्या तबकात कॉफी आली, शेजारी पाण्याचा पेला. आल्यागेल्याला आधी पाणी देण्याची रीत पाहून परकेपणा निम्मा गेला. केक हिला कोरडा वाटला. सफरचंदाचा श्ट्रूडेल मात्र फार आवडला. त्याचं पीठ ताणून इतकं पातळ करतात, की खालच्या कागदावरची अक्षरं वाचता यावीत. “म्हणजे मांडेच की!” ही म्हणाली. तेवढ्यात आमच्या सहलीतल्या एक काकू दारातून डोकावून “अंडं असतं का हो यात?” असं विचारून गेल्या. आमची बशी तोवर रिकामी झाली होती.

संध्याकाळी ऑपेरा हाउस. खुर्चीचं तिकीट आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं. पण उभं राहून ऐकण्याचं तिकीट त्याच दिवशी रांगेत मिळतं, आणि ते दोघांच्या केक-कॉफीपेक्षा महाग पडत नाही. जागा राखायला कठड्याला रुमाल किंवा मफलर बांधायचा रिवाज. संगीत महोत्सवात सतरंजीवर रुमाल टाकणाऱ्या पुणेकराला हे शिकवावं लागत नाही. हिनं शालीचं टोक बांधलं. खेळ होता ‘फिगारोचं लग्न’!

हे थिएटर १८६९चं. मार्च १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात ते जळालं आणि १९५५ मध्ये पुन्हा उभं राहिलं. मी ही माहिती सांगू लागलो, तर हिनं ओठांवर बोट ठेवलं.

गाणं इटालियन भाषेत. समोरच्या छोट्या पडद्यावर इंग्रजी अर्थ उमटत होता. मी तो वाचत होतो, ही नुसती ऐकत होती. तिसऱ्या अंकात सरदाराची बायको एकटीच रंगभूमीवर येते. नवऱ्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं. ती संथ लयीत गाऊ लागली. शेजारी पाहिलं, तर हिची बोटं कठड्यावर लय धरून होती आणि डोळे भरले होते.

ट्रामच्या थांब्यावर हिनं विचारलं, “काय म्हणत होती हो ती?”

“सुखाचे दिवस कुठं गेले, असं विचारत होती.”

“वाटलंच मला.”

मी एरवी शब्दाला दहा शब्द जोडणारा माणूस. त्या रात्री ट्राम येईपर्यंत एकही सुचला नाही.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी स्टुलावर चढून तंबोरा खाली काढला. भोपळ्याला चीर गेली होती, दोन तारा तुटलेल्या. मिरजेला दुरुस्तीला दिला आहे. ‘दिवाळीपूर्वी देतो’ म्हणाले आहेत. कारागिराची दिवाळी कोणती, हे विचारायचं राहून गेलं. पण आमच्या घरी सध्या पहाटे स्वयंपाकघरातून षड्ज ऐकू येतो, आणि तो थांबेपर्यंत मी चहा मागत नाही.