रस्त्याकडेचं गवत

जंगलातल्या रस्त्यावर चितळ किंवा रानडुक्कर गाडीला धडकलं की आपण म्हणतो, "अचानक आडवं आलं." पण ते खरंच अचानक येतं का?

चंद्रपूरहून चिचपल्ली, मूल, सावली करत गडचिरोलीला मी बरेचदा दुचाकीने जातो. उन्हाळ्यात कडेचं रान दूरवर दिसतं. भाद्रपदात मात्र तरोटा, रानतुळस, घाणेरी आणि कमरेएवढं गवत डांबराला येऊन टेकतं. जनावर त्यामागे आधीपासूनच उभं असतं. ते आपल्याला दिसत नाही, आणि आपली गाडी त्याला दिसत नाही.

थोडं गणित करूया. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. जनावर दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद तरी जातोच; गाडी थांबते त्याच्याही पुढे. वेग ४० असेल तर हेच अंतर ११ मीटर. एवढ्यात चितळाचा जीव वाचतो. रोही आडवा आला, तर दुचाकीवरच्या माणसाचाही!

मग गवत कापलं की झालं? तेवढं सोपं नाही. भर पावसात कापलेल्या गवताला कोवळे फुटवे येतात आणि ते खायला चितळं रस्त्याच्या कडेलाच जमतात. म्हणून कापणी एकदा करून भागत नाही; पाऊस ओसरताना पुन्हा करावी लागते. आणि कापायचं ते गवत-झुडूप, मोठी झाडं नव्हे. शिवाय रस्ता मोकळा दिसला की आपलाच हात ॲक्सिलरेटरवर जास्त पिळला जातो. मग कापणीचा फायदा काय?

पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून उंच पूल बांधलेत. त्यातला एक ७५० मीटरचा आहे. अशा पुलाखालच्या वाटेवर मात्र झुडपं हवीत, कारण आडोसा असला तर बुजरी जनावरं तिथून जातात. म्हणजे झुडूप वाईट नाही. ते कुठे आहे, हे महत्त्वाचं.

पण प्रत्येक रस्त्यावर पूल होणार नाही. म्हणून तुमच्या गावाजवळच्या वळणावर गवत माजलं असेल, तर ग्रामपंचायतीमार्फत बांधकाम विभागाला अर्ज द्या. आणि ते कापेपर्यंत, संध्याकाळी त्या वळणावर गाडी ४० च्या आत ठेवा. एक चितळ पलीकडे गेलं, तरी लगेच वेग वाढवू नका. त्याच्यामागे कळप असतो.